एका डोळ्याचं क्रीम

दुकानात सगळे तिला डोळेवाली म्हणत. त्यात टिंगल थोडी आणि माया जास्त होती, कारण तळमजल्यावरच्या काचेच्या काउंटरमागे डोळ्यांखाली लावायची क्रीमं विकण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. विकायची तऱ्हाही तिची स्वतःची. क्रीम रोज फक्त उजव्या डोळ्याखाली लावायचं, डावा कोरा ठेवायचा, आणि गिऱ्हाईक आलं की दिव्याखाली तोंड धरून म्हणायचं, बघा आता तुम्हीच. उजवीकडच्या सुरकुत्या पुसट, डावीकडे पन्नाशी उलटलेली. बायका हसत आणि डबी घेत.

खोटं मात्र तिच्या तोंडून कधी निघालं नाही, आणि त्यापायी मॅनेजर कपाळावर हात मारून घेई. कॅफिनने सकाळची सूज उतरते, पण संध्याकाळी पुन्हा हजर, असं ती सांगे. हायल्युरॉनिक ॲसिड कातडीत पाणी धरून ठेवतं, म्हणून ती भरलेली दिसते. लावणं सोडलं की पहिले पाढे पंचावन्न. पेप्टाइडबद्दल डबीवर जे छापलंय त्याच्या निम्मं धरा. खरं काम करतं ते रेटिनॉल, अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं, पण त्याला काही महिने द्यावे लागतात. घाई केलीत तर ते कातडी सोलून काढतं. म्हणून मोहरीएवढंच घ्यायचं, एक दिवसाआड, रात्री, डोळ्याखालच्या हाडावर. पापणीला लावाल तर मग माझ्याकडे रडत येऊ नका, असं ती दम भरून सांगे. आणि डोळ्यांखालच्या पिशव्या चरबीच्या असतील तर पैसे घरी घेऊन जा.

इतकी शहाणी बाई. आणि तिनेच काय करून ठेवलं ते ऐका.

तिची आई वृद्धाश्रमात होती. आयुष्यभर गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतलेली ती बाई आता अलीकडची वर्षं विसरत चालली होती. मुलगी तिच्या लेखी अजून सव्वीस वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली. एका रविवारी डोळेवाली पलंगावर बसलेल्या आईच्या उजव्या हाताला, खिडकीकडे पाठ करून बसली, तर आईने विचारलं, "कोण आपण?" डोळेवाली उठली, पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर बसली. आईने थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलीस का बाळ?"

या बाजूने आईला तिचा उजवा डोळा दिसत होता. डोळेवालीने मनाशी हिशेब जुळवला: क्रीम लावलेली बाजू आईला ओळखू येते, कोरी बाजू येत नाही. तेव्हापासून ती कायम त्याच खुर्चीवर, मान वळवून, उजवा गाल पुढे करून बसायची. मान अवघडायची, पण "आलीस का बाळ" मिळायचं. त्या तीन शब्दांवर तिचा आठवडा निघायचा.

पुढे ते शब्द यायला उशीर होऊ लागला. आई नुसती बघत राही. चहा येई, थंड होई, कप परत जाई, तेव्हा कुठे ती म्हणे. डोळेवालीला वाटलं, आपणच कमी पडतोय, सुरकुत्या पुढे पळतायत आणि क्रीम मागे राहतंय. मग तिने गिऱ्हाइकांना घातलेले सगळे दंडक एकेक करून मोडले. कडक रेटिनॉल घेतलं, सकाळी लावलं, रात्री लावलं, मोहरीएवढ्याचं वाटाण्याएवढं केलं, हाडावरून थेट पापणीपर्यंत नेलं. आग होई तेव्हा म्हणे, काम करतंय. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तिने तिला काउंटरवरून हाकललं असतं.

पंधरवड्यात उजवा डोळा लालभडक झाला, सुजून अर्धा मिटला, खालची कातडी सालपटांसारखी निघू लागली. डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलं. मॅनेजरने, वाईट वाटत असूनही, तिला मागच्या गोदामात खोकी मोजायला पाठवलं. या दोन्हींचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिला धास्ती एकच होती, रविवारची.

रविवारी ती गेली. आता दाखवायला बाजूच उरली नव्हती, म्हणून स्टूल ओढून ती सरळ आईच्या समोर बसली. आईने विचारलं, कोणाला भेटायचंय? तिच्याने "मी तुमची मुलगी" म्हणवेना. सहज आले, एवढंच म्हणाली.

"बरं झालं आलात," आई म्हणाली आणि दाराकडे बघून आवाज खाली आणला. "इथे एक बाई येते दर आठवड्याला. तिकडच्या खुर्चीवर बसते, तोंड असं वाकडं करून. मला आई म्हणते."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"पहिल्यांदा मी विचारलं, कोण आपण, तर तिचा चेहरा इतका उतरला, बघवेना. तेव्हापासून म्हणते, आलीस का बाळ. बिचारीला तेवढाच आधार. अलीकडे मात्र विसरायला होतं हो, काय म्हणायचं असतं ते."

डोळेवालीने मनाशी जुळवलेला हिशेब अख्खा खोटा होता. तिला त्या खोलीत कधीपासूनच कुणी ओळखत नव्हतं, फक्त कुणाला तरी तिची दया येत होती. डोळ्यांतलं पाणी सोललेल्या कातडीवर उतरलं आणि भयंकर झोंबलं.

आईने ते पाहिलं. उशाखालचा रुमाल काढला, तांब्यातल्या पाण्यात बुडवला, नीट पिळला, चौकोनी घडी घातली. मग पुढे वाकून तो त्या सुजलेल्या डोळ्यावर ठेवला आणि हाताने धरून राहिली. कापड बेतणाऱ्या त्या बोटांनी घडी जागची हलू दिली नाही.

"तुम्हाला आई आहे ना?" तिने विचारलं.

"आहे."

"मग तिच्याकडे जात जा अधूनमधून. बरं वाटेल तिला."

जाईन, डोळेवाली म्हणाली, आणि रुमाल कोमट होईपर्यंत तशीच बसून राहिली.