बोलायचा मान

लेफाओ बोलायला उभा राहिला की गावातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात, असं सवाई बेटावर म्हणत. लेफाओच्या कानावर हे आलं होतं. घोळ तिथंच झाला.

साठी उलटल्यावर त्याची साखर वाढली. ऑकलंडला लेकीकडे गेला तेव्हा तिथल्या डॉक्टरनं आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन दिलं. साखर उतरली, पोटही उतरलं. गावच्या दवाखान्यातली नर्स बजावायची, "काका, भूक मेली तरी मासे-अंडी खायचीच. तारोच्या कंदांच्या मळ्यातलं काम सोडू नका. या वयात चरबीबरोबर अंगातली ताकदही जाते." लेफाओ मान डोलवायचा आणि नुसत्या चहावर दिवस काढायचा. मळ्याकडं तर फिरकायचाही नाही. वर बायकोला, फुआतिनोला, चारचौघांत म्हणायचा, "माझ्याकडे बघ जरा! तू बसलीस की चटई कण्हते." फुआतिनो त्यानं न खाल्लेला मासा मुकाट्यानं परत न्यायची.

मग नव्या चर्चच्या समारंभाला पलीकडच्या बेटावरून पाहुणे आले. गावचे वक्ते मैदानाच्या कडेला मांडी घालून बसले. पाहुण्यांपुढे कोण बोलणार, यावर आधी आपसांत वाद घालायचा, ही रीत. ज्याचा शब्द वरचढ, त्याचा मान.

तरुण पेसेता अदबीनं म्हणाला, "काका, तुमची तब्येत उतरलीय. आज मला बोलू द्या."

"पोट उतरलंय रे, जीभ नाही! तुझ्या बापाला बोलायला मी शिकवलं. तुझी तर बसायची जागासुद्धा अजून गरम व्हायचीय."

सगळे हसले. एकेक जण माघार घेत गेला. शेवटी पेसेतानंही मान झुकवली आणि वक्त्याची काठी लेफाओपुढे ठेवली.

लेफाओनं काठी रोवून जोर केला. बूड चटईवरून हललं नाही. पुन्हा जोर केला. मांड्या लटलटल्या, त्यांच्यावरचं गोंदण सुरकुतून लोंबत होतं. पाहुण्यांनी भल्या माणसांसारख्या माना खाली घातल्या. कुणी हसलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

"पेसेता," तो पुटपुटला, "तूच बोल."

पेसेता छान बोलला. लेफाओचं नावही मानानं घेतलं. लेफाओला वाटत होतं, धरणीनं आत्ताच्या आत्ता पोटात घ्यावं.

पाहुणे जेवायला उठले. लेफाओ हातातल्या काथ्याच्या चवरीनं वारा घेत बसला, जणू हौसेनंच मागं राहिलाय. चुलीकडून फुआतिनो आली. पाय रोवून उभी राहिली, त्याच्या काखेत हात घातले आणि पोटाशी धरून त्याला उभं केलं. त्याच पोटाला तो वर्षभर हसला होता.

"चला," ती म्हणाली. "मासा झाकून ठेवलाय."

त्याला तिच्याकडे बघवेना. जन्मभर शब्दांवर मान मिळवला, आणि आता 'चुकलो' एवढंसुद्धा तोंडातून फुटेना. तिच्या दंडाला धरून त्यानं अख्ख्या गावादेखत मैदान ओलांडलं, आणि पानातला मासा काट्यापर्यंत खाल्ला.