रोलरवरची बारी

"कुठवर आलो, पोरी?"

गाडीचं इंजिन शांत झालं की मालक हे विचारायचे. गाडी तर जागची हललेलीसुद्धा नसायची.

तुम्ही डायनो पाहिला नसेल तर सांगते. जमिनीत लोखंडी रोलर बसवलेले असतात. गाडीची मागची चाकं त्यांवर घ्यायची, गाडी जाड पट्ट्यांनी जखडायची, समोर मोठा पंखा लावायचा आणि ऍक्सिलरेटर दाबायचा. चाकं रोलर फिरवतात, गाडी तिथंच राहते आणि इंजिनात किती हॉर्सपॉवर आहे ते संगणकावर उमटतं. चाकणजवळच्या अशा एका गॅरेजात मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी काम शिकायला जात होते.

मालक म्हणजे गॅरेजचे मालक नव्हेत. त्यांना आम्ही सर म्हणायचो. मालक म्हणजे गाडामालक. जवळच्याच गावचे जुने शेतकरी, बैलगाडा शर्यतीतलं नावाजलेलं घर. कोर्टाच्या बंदीमुळे शर्यती थांबल्या होत्या त्या काळात त्यांनी दोन दरवाज्यांची, बुटकी, पांढरीशुभ्र स्पोर्ट्स कार घेतली आणि तिच्या इंजिनाची ताकद सरांकडून वाढवत नेली. पुढे शर्यती सुरू झाल्या, पण तोवर गाडीवर जीव जडला होता. जवळ आले की आधी बॉनेटवर हात फिरवायचे, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी गॅरेज पिवळं झालं होतं. सर गाडीत बसून ऍक्सिलरेटर दाबणार, एवढ्यात मालकांनी खिशातून मूठभर भंडारा काढून गाडीवर उधळला. समोर पंखा चालू. भंडारा काचेवर, माझ्या लॅपटॉपवर, सरांच्या मिशीत आणि चाकांखाली गेला. चाकं रोलरवर घसरली, आणि संगणकावरची रेघ करवतीच्या दात्यांसारखी आली.

"अहो मालक, हे काय केलंत!" सर खाली उतरत ओरडले.

"बारीच्या आधी उधळत्यात," मालक शांतपणे म्हणाले. "रिकामी कशी सोडायची?"

घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाड्याची एक धाव म्हणजे बारी; डायनोवरच्या प्रत्येक फेरीलाही ते बारीच म्हणायचे. त्यानंतर असं ठरलं, की भंडाऱ्याचा फक्त टिळा लावायचा. तरी त्यांच्या बोटांतून थोडा सांडायचाच.

हॉर्सपॉवर या शब्दावर त्यांचा राग होता. "आमच्या घाटात घोडी फुडं पळती, पर गाडा वढत्यात बैलं. तुमी नाव घोड्याचं लावता. बैलं किती त्ये सांग!" मी खरंच विचारात पडायचे आणि ते खूश व्हायचे.

मी आकडा सांगितला की मात्र ते कानामागे हात धरायचे. "मोठ्यानं बोल की! शेजारच्या गावाला न्हाई, निदान मला तरी ऐकू यिऊ दे." माझे वडील लातूरकडून भोसरीत कामाला आलेले. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आपलं काही चुकेल या धास्तीनं माझे शब्द ओठांच्या आतच राहायचे. मालकांना ते कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. चिडवायचे मात्र रोज.

मग काचबिंदूनं त्यांची नजर जाऊ लागली. आधी कडेकडेचं दिसेना. एकदा चाकणच्या रस्त्यावर बाजूनं आलेला मोटारसायकलवाला त्यांना दिसलाच नाही, थोडक्यात वाचला. त्याच दिवशी त्यांनी चावी मुलाच्या हातात दिली. "कुणी मागितली नव्हती," मुलगा आम्हाला म्हणाला. "आप्पांनी आपण होऊन दिली."

गाडीला रावेतचं गिऱ्हाईक मिळालं. त्याला गाडी नेण्याआधी डायनोवरची ताकद पाहायची होती. मुलानं गाडी आणली, शेजारी मालक बसलेले. पट्टे आवळून झाले तसे ते म्हणाले, "ही बारी मी मारतो."

"आप्पा, नको ना," मुलगा म्हणाला.

"का? हितं कोन आडवं येनार हाय?"

सरांनी पट्टे पुन्हा एकदा ओढून पाहिले. इंजिन ठरलेल्या हद्दीपुढे ताणलं तर फुटू शकतं, आणि मालकांना समोरचा काटाही नीट दिसत नव्हता. शेवटी सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तू लॅपटॉप घेऊन शेजारी बस. सोडा म्हणशील त्या क्षणी त्यांनी पाय काढायचा. आणि हे बघ, त्या आवाजात त्यांना ऐकू गेलं पाहिजे."

मालकांनी टिळा लावला. पंख्याचा वारा उघड्या खिडक्यांतून आत आला. गाडी हळूहळू वरच्या गिअरमध्ये गेली. मी म्हणाले, "दाबा." त्यांनी दाबला. सगळी गाडी थरथरत पट्ट्यांना ओढू लागली, सीटमधून आवाज माझ्या छातीत शिरला. लॅपटॉपवरचा आकडा चढत होता. मालकांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मला तो पाहतच राहावंसं वाटलं. पण मी आकड्यावर नजर ठेवली.

"सोडाऽऽ!"

तो आवाज माझा होता. मालकांनी पाय काढला.

इंजिनाचा आवाज उतरला, पण रोलर जड असतात, ते लगेच थांबत नाहीत. चाकं घुमत फिरत राहिली. मालक दोन्ही हातांत स्टेअरिंग धरून, वाऱ्याकडे तोंड करून बसून होते.

"कुठवर आलो, पोरी?"

आकडा माझ्यासमोर होता. मागच्या वेळेपेक्षा चांगला होता. तो मी सांगितला नाही.

"तळेगाव मागं पडलं, मालक. वडगावही गेलं."

"मंग आता कामशेत." त्यांनी हनुवटी जराशी वर केली. "डोंगार दिसत्यात?"

समोर पंखा होता आणि त्यामागे करडी भिंत.

"दिसतायत."

"हिरवं हाय?"

"हो. वर ढग टेकलेत."

त्यांनी स्टेअरिंग जरासं डावीकडे घेतलं, वळण आल्यासारखं. पुढची चाकं फरशीवर करकरली. मग रोलर थांबले. त्यांनी चाचपून चावी काढली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आज आवाज पोचला बघ."

गाडी रावेतला गेली. मालक पुन्हा आले नाहीत. मुलगा एकदा भेटला तेव्हा म्हणाला, आप्पांना आता जवळपास काहीच दिसत नाही; शर्यत असली की घाटात नेऊन बसवतो, बारी कानांनी बघतात.

रोलरच्या फटीत अजून थोडा भंडारा आहे. एखादी जोरकस गाडी चढली की चिमूटभर वर येतो, पंख्याच्या वाऱ्यात तरंगतो आणि लॅपटॉपवर बसतो. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "हे पिवळं काय उडतंय?"

मी फडकं घेऊन उठले, तर सर म्हणाले, "राहू दे गं. त्यानं पकड चांगली मिळते."

भंडाऱ्यानं चाक घसरतं, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. मी फडकं ठेवून दिलं.