वाटपातलं झाकण

घटस्फोटाचा निकाल हातात आला तेव्हा माझं बहुतेक सामान कुडाळच्या भाड्याच्या खोलीत पोचलं होतं. मिठबावच्या घरात माझ्या दोनच वस्तू उरल्या होत्या, दोन्ही माझ्या आईने लग्नात दिलेल्या: एक लोखंडी कपाट आणि एक मिक्सर. नवऱ्याची काही हरकत नव्हती. आमचं भांडण असं कधी झालंच नाही. तो दिवसभर हापूसच्या कलमांत असायचा आणि घरी आला की मुका. मला तर माणसाशी दोन शब्द बोलल्याशिवाय जेवण जात नाही. काही वर्षं वाट बघितली, मग दोघांनीही शहाणपण केलं.

बोलायची माझी हौस भागवली ती सासूबाईंनी. आम्ही दोघी रोज भांडायचो, अगदी चहाच्या वेळेला चहा घ्यावा तशा. घटस्फोटानंतर त्यांना काय म्हणायचं हा प्रश्नच होता, पण जीभ वळली नाही. आईच म्हणत राहिले.

टेम्पो घेऊन गेले तेव्हा त्या खळ्यात सुपारी सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कपाटाची चावी गावणा नाय. चावीशिवाय कपाट न्हेवन काय करतलंस?"

"असूं दे, आई. कुडाळात चावीवालो आसा. बंदच न्हेतंय."

सुपारी हातात तशीच राहिली. हे उत्तर त्यांच्या हिशोबात नव्हतं.

"बरां. आणि मिक्सर?" मी विचारलं.

"तो जळलो. भंगारवाल्याक दिलंय."

त्यांच्या मागे दारात उभ्या असलेल्या माझ्या माजी नवऱ्याने डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे खूण केली. संसारात त्याने मला इतकी स्पष्ट गोष्ट पहिल्यांदाच सांगितली.

टेम्पोवाला आणि तो, दोघांनी कपाट आडवं केलं. आत काहीतरी घसरलं आणि धप्पकन आवाज झाला.

"आत काय आसा?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"रद्दी," सासूबाई म्हणाल्या आणि कपाटामागोमाग थेट टेम्पोपर्यंत गेल्या. कपाटावर एवढी माया आहे हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात मी स्वयंपाकघरात शिरले आणि तांदळाचं पिंप उघडलं. मिक्सर तांदळात गळ्याएवढा बुडून बसला होता, तब्येतीने ठणठणीत. भांड्याला सकाळचं खोबरं अजून चिकटलेलं होतं. उचलून नेला असता तर कोणी अडवलं नसतं. पण मग सासूबाईंनी चार दिवस मला शिव्या घातल्या असत्या आणि नवा आणला असता. मी फक्त झाकण घेतलं आणि पिशवीत टाकलं. आता रोज सकाळी खोबऱ्याचं वाटप काढताना त्यांना माझी आठवण येणार होती. कोर्टातल्या वाटपात हे कलम कुठेच नव्हतं.

निघताना मी त्यांच्या पाया पडले. "सुखी रव," त्या म्हणाल्या, डोळे टेम्पोवर.

दोनेक दिवसांनी फोन आला.

"काय गो, बरी आसस मां?"

"बरी आसंय, आई."

"सामानात चुकान एक झाकाण तर नाय इलां?"

"कसलां झाकाण?"

आता आली पंचाईत. मिक्सरचं म्हणावं तर मिक्सर भंगारात गेलेला. "डब्याचां," त्या म्हणाल्या. "बघतंय हां," मी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कपाट उघडलंस?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा सुस्कारा मला कुडाळात ऐकू आला.

त्याच आठवड्यात माजी नवऱ्याचाही फोन आला. आई मिक्सरवर ताटली दाबून धरते, भिंतीवर सगळं वाटप उडतं, असं त्याने सविस्तर सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरी गोष्ट वेगळीच आसा. तिची सगळी चांगली लुगडी तुझ्या कपाटात आसत. खाऱ्या वाऱ्यान तिच्या पेटीत बुरशी लागता, म्हणान तुझ्या कपाटात ठेवलेली. आता तिच्या भाच्याचां लगीन इलां आणि तिका नेसाक काय नाय. मी सांगलंय म्हणान सांगू नको."

संसारात हा एवढं बोलला असता तर कदाचित मी कपाट हलवलंच नसतं.

रद्दीचा उलगडा झाल्यावर मला झोप गाढ लागली. सकाळी मीच फोन केला. "आई, चावीवालो काय गावणा नाय. उद्या वेल्डिंगवाल्याक बोलावन कपाट कापूनच घेतंय. आत रद्दीच तर आसा."

पलीकडून लगेच उत्तर आलं, "कापू नको. चावी गावली. मी येतंय."

दुसऱ्या दिवशी त्या एसटीने आल्या. चावी कनवटीला होती. कपाट उघडलं, लुगडी एकेक काढून मांडीवर ठेवली, आणि रद्दीबद्दल आम्ही दोघींनी एक अक्षर काढलं नाही. मी कागदात गुंडाळलेलं झाकण पुढे केलं.

"डब्याचां झाकाण गावलां, आई."

त्यांनी कागद उघडून उलटसुलट बघितलं. "डब्याचांच," म्हणाल्या आणि पिशवीत घातलं. मग बांगड्याचं तिखलं जेवल्या. तिरफळ कमी पडलं म्हणाल्या, पण भात दोनदा घेतला.

मी कुडाळात ब्लाउज शिवते. उठताना त्यांनी माझ्या मशीनवरचं अर्धवट काम हातात घेऊन टाके बघितले. "भाच्याची व्हकल पिंगुळीची आसा. तिचे ब्लाउज तुझ्याकडे धाडूक सांगतंय," त्या म्हणाल्या. "लग्नाक ये. पण आमच्याकडसून नको, व्हकलेकडसून ये. आमच्यात उगाच चर्चा."

नवरीचे ब्लाउज खरंच आले आणि मागोमाग निमंत्रणही. मी नवरीच्या बाजूने गेले. जेवणाच्या पंगतीत सासूबाई हिरव्या लुगड्यात सरळ माझ्या शेजारी येऊन बसल्या. समोरच्या कुणा बाईने विचारलं, "ही कोण गो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा विचार केला आणि सोलकढीचा घोट घेत म्हणाल्या, "ही व्हकलेकडची. माझी वळख आसा."