उल्हास नदी, माझा तास आणि तांडेल मॅडमचा मॉडेम

आम्ही निवृत्त मास्तर मंडळी भेटलो की बोलणं गुडघेदुखीवरून सुरू होतं आणि शाळेवर येऊन थांबतं. किस्से जमवावे लागत नाहीत, साचतात. वर्गात मुलं, स्टाफरूममध्ये आम्ही, आणि वागणं दोन्हीकडे साधारण सारखंच. माझ्याकडचे बरेचसे किस्से तांडेल मॅडमचे आहेत. खरं सांगायचं तर, मी त्यांच्यावर किती जळायचो त्याचे आहेत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी डोंबिवलीतल्या आमच्या शाळेत इंटरनेट आलं. मी भूगोल शिकवायचो. तांडेल मॅडम ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, नुकत्याच कॉम्प्युटर शिकवायला लागलेल्या. त्यांनी कल्याणच्या एका शाळेशी ई-मेलवर ओळख काढली आणि ठरवलं की दोन्हीकडच्या आठवीच्या मुलांनी मिळून एक प्रकल्प करायचा. विषय, उल्हास नदी. कल्याणवाल्यांनी शहाडकडचं लिहायचं, आमच्यांनी खाडीचं.

नदी म्हणजे भूगोल आणि भूगोल म्हणजे मी. माझी नदी अशी माझ्या डोळ्यांदेखत कॉम्प्युटरच्या खोलीत गेली.

"सर, तुम्हीपण या ना लॅबमध्ये," त्या म्हणाल्या.

"मला पोर्शन संपवायचाय," मी म्हणालो, आणि त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असं मनाशी ठरवून टाकलं.

*

शाळेत फोन एकच, हेडमास्तरांच्या केबिनमधला. त्याचीच वायर ओढून मॉडेमला जोडलेली. त्यामुळे मुलं ई-मेल पाठवायला बसली की शाळेचा फोन एंगेज.

एकदा एक पालक घामाघूम होऊन आले. विठ्ठलवाडीला त्यांचं दुकान. घराला कुलूप आहे, शाळा सुटल्यावर मावशीकडे जा, एवढाच निरोप मुलाला द्यायचा होता. फोन लागेना म्हणून दुकान बंद करून स्वतः आले.

"सकाळपासून एंगेज येतोय हो. कोण बोलतंय एवढं?"

"मुलं अभ्यास करतायत," हेडमास्तर म्हणाले.

"फोनवर?"

"हो."

गृहस्थांनी रुमालाने घाम पुसला. मग म्हणाले, "आणि आम्ही घरच्या फोनला कुलूप घालतो."

*

इंटरनेटचा कॉम्प्युटरही एकच. त्याच्यासमोर एका वेळी सहा मुलं. स्टाफरूममध्ये मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "मॅडम, एका मशीनवर सहा जण नेमकं काय शिकतात?"

"कामं वाटून दिलीयेत सर. एक टाइप करतो, एक माउस धरतो, एक मजकूर सांगते, एक डिक्शनरी बघते, एक घड्याळ बघतो."

"पाच झाले. सहावा?"

"सहावा भांडणं सोडवतो. त्याचंच काम सगळ्यात जास्त आहे."

सगळे हसले. मीही हसलो, कारण नाही हसलो तर दिसलं असतं.

*

जळण्यात मी एकटा नव्हतो. मराठीचे पेंडसे सर होतेच. मुलं मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस डबा नीट खाल्ला नाही. शेवटी त्यांनी कल्याणहून आलेल्या एका ई-मेलचा प्रिंटआउट मागवला, लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घासकट सगळा तपासला आणि तांडेल मॅडमच्या टेबलावर ठेवला.

त्यांना वाटलं, बाई वरमतील. बाईंनी मुलांना बसवून त्या चुका एकेक करून टाइप करायला लावल्या आणि कल्याणला पाठवून दिल्या.

सोमवारी उत्तर आलं. तिथल्या मराठीच्या बाईंनी पेंडशांच्या तपासणीतल्या तीन चुका काढल्या होत्या.

पेंडसे सर लालबुंद झाले. व्याकरणाची पुस्तकं घेऊन घरी गेले. त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत लॅबच्या दारात उभे. आत जायचे नाहीत, नुसते विचारायचे, "कल्याणहून काही आलंय का?"

म्हणजे माझ्या बाजूचा एकुलता एक माणूसही गेला.

*

मग मी माझा हुकमी एक्का काढला. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आठवीच्या वर्गाला डोंबिवली पश्चिमेला रेतीबंदरावर घेऊन गेलो. म्हटलं, पडद्यावरची नदी वेगळी आणि पायाखालचा चिखल वेगळा. भरती चढत होती. पाणी उलटं कसं येतं, खारं पाणी कुठवर आत शिरतं, पूर्वी इथून माल कसा जायचा, सगळं सांगितलं. त्या दिवशी मी खरंच चांगलं शिकवलं. मुलं चपला हातात घेऊन ऐकत होती. वाटलं, जिंकलो.

परत निघालो तर सगळी घराकडे जायच्याऐवजी शाळेच्या रस्त्याला.

"अरे, सुट्टी झालीये. कुठे निघालात?"

"सर, मॅडम थांबल्यात आमच्यासाठी," एक मुलगी म्हणाली. "आत्ताच कल्याणला कळवतो ना. सोमवारपर्यंत विसरायला होईल."

मी चपलांचा चिखल झटकत एकटाच घरी गेलो.

*

प्रकल्प पूर्ण झाल्यावर ठाण्याला प्रदर्शन होतं. दोन्ही शाळांची मुलं पहिल्यांदाच समोरासमोर आली. हेडमास्तरांचा हुकूम होता म्हणून मीही गेलेलो. तांडेल मॅडमभोवती पाहुण्यांचा घोळका. हार त्यांच्या गळ्यात, फोटो त्यांचा. मी भिंतीला टेकून चहा पीत उभा होतो.

तेवढ्यात एक गृहस्थ सरळ माझ्याकडे आले. "डोंबिवलीचे भूगोलवाले सर तुम्हीच ना? मी गायकवाड. कल्याणला भूगोल शिकवतो."

"बरं," मी म्हणालो.

"तुमची मुलं प्रत्येक ई-मेलमध्ये लिहायची. आमचे सर म्हणाले असं, आमच्या सरांनी दाखवलं तसं. आमच्याकडची पोरं ते वाचून माझ्या तासाला येऊन बसायची आणि म्हणायची, सर, डोंबिवलीच्या सरांसारखं सांगा ना. दिवाळीपासून हेच ऐकतोय. स्पष्ट सांगतो, फार जळलो मी तुमच्यावर. आज मुद्दाम आलो. म्हटलं, बघावं तरी, एवढं काय आहे या माणसात."

मी भिंत सोडून ताठ उभा राहिलो.

गायकवाड सरांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहिलं.

"तसं काही दिसत नाही," ते म्हणाले, आणि चहा घ्यायला निघून गेले.