डोळे मिटलेले बाबा

फाइन आर्टच्या पहिल्या वर्षाला मी काढलेल्या माणसांना हाडंच नसायची. हे माझं नव्हे, ड्रॉइंगच्या सरांचं मत. माझ्या चित्रापाशी ते थांबायचे, मान वाकडी करायचे आणि विचारायचे, "हे पोतं कोण आहे?" मी तोंड वर करून सांगायची, "सर, शेजारच्या काकी." घरी बाबांची अट ठरलेली होती. वर्षभरात माणूस ओळखू येईल असं एक तरी चित्र काढायचं, नाहीतर मुकाट्याने बी.कॉम.

आमच्या अंजूर गावात चित्रासाठी समोर बसायला माणूस मिळणं सोपं नाही. मी वही उघडली की काकी आत जाऊन नवी साडी नेसून यायची आणि आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखी ताठ बसायची. गावाबाहेरच्या गोडाउनवरचे हमाल तर एका जागी थांबतच नाहीत. न हलणारा माणूस गावात एकच होता. दुपारी जेवून ओटीवर आडवे झालेले बाबा.

एका रविवारी मी चारकोलने त्यांचा चेहरा मोठ्या कागदावर उतरवला. मिटलेले डोळे, किंचित उघडं तोंड, सगळं. इतकं झकास जमलं की मला माझाच हेवा वाटायला लागला. बाबा उठून गोडाउनवर कामाला गेले. चारकोल पुसला जाऊ नये म्हणून मी चित्रावर हेअर स्प्रे मारला आणि वास उडावा म्हणून ते ओटीवर खुर्चीत टेकवून ठेवलं. संध्याकाळी खाडीकडून डास येतात, म्हणून समोर अगरबत्ती लावली. डासांचीच. मयताच्या घरी ओटीवर फोटो नेमका असाच मांडतात, हे माझ्या कलावंत डोक्यात आलंच नाही.

मी आत चहा घेत होते तेवढ्यात बाहेर हंबरडा फुटला.

"भावजी, असं कसं वो गेलाव!" काकी खुर्चीपुढे बसून कपाळ बडवत होती. बघता बघता आळी गोळा झाली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून काकीच्या सुनेने तांदळाच्या भाकऱ्यांची टोपली आणि डाळीचं पातेलंसुद्धा आणून ठेवलं. आई घसा फोडून सांगत होती की माणूस ठणठणीत आहे, पण रडारडीत ऐकतो कोण? मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. माझं चित्र ओळखलं होतं, तेही अख्ख्या आळीने!

इतक्यात बाबा स्कूटरवरून आले. काकीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, पदराने डोळे पुसले आणि उलट त्यांच्यावरच तापली. "मंग आता या भाकऱ्या कोनी खायाच्या?" मयताघरी आणलेलं अन्न परत नेत नाहीत, आणि मयत तर दारात स्कूटर लावत होतं. शेवटी गावातल्या कुत्र्यांची चंगळ झाली.

दिवेलागणीला आईने मीठ-मिरच्या उतरवून बाबांची दृष्ट काढली. मी निर्लज्जासारखी म्हणाले, "बाबा, सगळ्यांनी ओळखलं की!"

"निजलेला मानूस कोनीबी काढंल," बाबा म्हणाले. "डोले उघडे काढ, मंग बोलू."

त्यानंतर ते ओटीवर आडवे झालेच नाहीत. दुपारचं म्हणे गोडाउनवर काम असतं.

पुढच्या रविवारी दाढीबिढी करून ते स्वतःच खुर्चीत येऊन बसले. नाकावर माशी बसली तरी हलले नाहीत. मी जीव तोडून काढत होते आणि डोळे काही केल्या जमत नव्हते. शांत काढायला जावं, तर कागदावरून कुणी घाबरलेला माणूसच बघायचा. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा तेच. मनातल्या मनात मी बी.कॉम.च्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊनसुद्धा बसले. रडवेली होऊन म्हणाले, "बाबा, बिघडले हो डोळे. पुसते."

बाबा उठले आणि माझ्यामागे येऊन कागदावर वाकले.

"नको पुसू," ते हळूच म्हणाले. "त्या दिसापासून भ्यालोच हाय मी."

मी खोडरबर खाली ठेवलं.

"यो मीच हाय," बाबा म्हणाले.