संगणकाला लावलेलं कुंकू

काही माणसं राग ओकून मोकळी होतात, काही गिळून टाकतात. पद्मजा चौगुले राग मुरवते. रागावली की तिचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो. इतका, की समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागतं.

शाहूपुरीत एका जिन्याखाली तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. एक टेबल, एक दिवा, स्क्रू ठेवायला श्रीखंडाचे रिकामे डबे आणि भिंतीवर नवऱ्याचा, जोतीरामचा, फोटो. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याला बसवते आणि म्हणते, "काय करतंय ते तुम्ही सांगा. काय झालंय ते मी सांगतो."

हे दुकान रागातून उभं राहिलं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याआधी ती पन्हाळा रस्त्यावरच्या आपल्या गावात, दूध संस्थेत, संगणकावर बसायची. सकाळ-संध्याकाळ दूध घालणाऱ्यांची रांग लागायची. कुणाची म्हैस कधी आटली, कुणाच्या घरी पावणं आल्यामुळं दूध कमी आलं, हे ती दुधाच्या आणि फॅटच्या आकड्यांवरून ओळखायची. जोतीराम अपघातात गेला आणि महिन्याभरात ती पुन्हा त्या खुर्चीवर येऊन बसली. घरात बसून रडण्यापेक्षा लोकांच्या किटल्यांचे आवाज बरे, असं तिला वाटलं.

त्या वर्षीची खंडेनवमी. संस्थेत काट्याची, फॅट मशीनची आणि संगणकाची पूजा असते. दरवर्षी संगणकाला कुंकू पद्मजाच लावायची, म्हणून सवयीनं तिनं ताट उचललं. चेअरमन हंबीरराव, गावाचे आबा, पुढं आले आणि रांगेतल्या सगळ्यांच्या देखत त्यांनी ते ताट तिच्या हातातून काढून घेतलं.

"औंदा तू र्‍हाऊ दे, पद्मजा. शुभ काम हाय. कुंकवाला हात लावू नगंस."

आवाजात राग नव्हता, कीव होती. तीच जास्त झोंबली. ताट त्यांनी आपल्या सुनेच्या, तेजस्वीच्या, हातात दिलं. पद्मजा बाहेर येऊन कॅनच्या चळतीपाशी उभी राहिली, आरती संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिनं किल्ली टेबलावर ठेवली आणि कोल्हापूरची वाट धरली.

त्यानंतर रोज रात्री निजताना ती हंबीररावांना दुकानात आणायची. कधी ते मोडका संगणक घेऊन यायचे, कधी हात जोडायचे. कधी ती त्यांना नुसतं उन्हात उभं करायची. सकाळी उठून ती पुन्हा कामाला लागायची. तीन वर्षं हा कार्यक्रम चुकला नाही.

आणि यंदा दसऱ्यानंतर हंबीरराव खरोखरच आले. दुधाच्या टेम्पोतून, टॉवेलात गुंडाळलेला सीपीयू पोटाशी धरून.

"काय करतंय?" तिनं विचारलं. बसा मात्र म्हणाली नाही.

"चालू हुतंय आणि बंद पडतंय. परत आपोआप चालू, परत बंद. येड्यागत करतंय बघ. दोन ठिकाणी दाखवलं. एक म्हणाला विंडोज बिघडली, दुसऱ्यानं पावर सप्लाय बदलला. ढिम्म न्हाई."

"मग हातानं लिवा की पावत्या."

"तेच चाललंय. पर लोक ऐकत्यात व्हय? म्हणत्यात, आबा फॅट मनानंच लावत्यात. समोरच्या संस्थेत चालल्यात निम्मी. संध्याकाळपातुर झालं पायजे, पद्मजा. माझी अब्रू हाय त्यात." मग आवाज उतरवून म्हणाले, "औंदा तेजस्वीनं पूजेचं ताट धरलं, तवापासनं असं करतंय. तिच्या हाताला गुणच न्हाई."

पद्मजाच्या मनातल्या हिशेबात तेजस्वीचंही नाव होतं. ते तिनं त्या क्षणी खोडलं.

"च्या पिऊन या," ती म्हणाली.

ते टपरीकडं गेल्यावर तिनं मशीन जोडलं. कंपनीचं चिन्ह आलं, ठिपके गोल फिरायला लागले आणि पडदा काळा. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी तिनं विंडोज सुरू होऊच दिली नाही, आधीच्या निळ्या सेटिंगच्या पडद्यावर मशीन थांबवून ठेवलं. तिथंही ते तसंच बंद होऊन परत उठलं. म्हणजे विंडोजचा काही दोष नव्हता. तिनं रॅम काढून खोडरबरानं तिचे दात घासले, पंखा फिरतोय ना पाहिलं, प्रोसेसर तापत नाही ना पाहिलं. सगळं ठीक. मग तिनं दिवा पुढून धरला.

सीपीयूच्या डब्याच्या तोंडावर कुंकवाचा जाड पट्टा होता. ओघळ थेट रीसेटच्या छोट्या बटणात उतरून वाळला होता आणि बटण अर्धं आत चिकटून बसलं होतं. पंख्याच्या थरथरीनं ते आतल्या आत टेकत होतं. जणू कुणीतरी मशीन उठू लागलं की त्याला परत खाली बसवत होतं.

तिनं आतून त्या बटणाची बारीक दोनपदरी वायर उपटली. मशीन एका दमात सुरू झालं. पडद्यावर जोतिबाच्या डोंगराचा फोटो उमटला, तो तिनंच कधीकाळी लावलेला. काम झालं होतं. रीसेटच्या बटणावाचून कुठल्याच संगणकाचं अडत नाही.

पद्मजा त्या फोटोकडं बघत बसली. मग तिनं मशीन बंद केलं आणि वायर जिथल्या तिथं परत खोचली.

"हितं न्हाई जमायचं," हंबीरराव आल्यावर ती म्हणाली. "काटा, फॅट मशीन सगळं जोडून बघाय लागतंय. संध्याकाळी दूध घालायच्या टायमाला येतो मी."

हे खोटं होतं. पण ते इतक्या हळू आवाजात आलं, की हंबीररावांना पुढं वाकून ऐकावं लागलं.

संध्याकाळी संस्थेत रांग तीच, किटल्या त्याच. पद्मजा स्कूटीवरून उतरली तशी सगळ्यांच्या पुढं उभी असलेली धोंडुबाई ओरडली, "आली गं माझी बाय! हिच्या टायमाला माझ्या म्हशीचं दूध दाट हुतं. आता पातळ झालंय. म्हैस तीच, बरं का!"

रांग हसली. हंबीरराव हसले नाहीत. तेजस्वी मान खाली घालून कोपऱ्यात उभी होती.

पद्मजानं मशीन चालू केलं. ते उठलं, पडलं. तिनं पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. सगळ्यांनी पोटभर बघितल्यावरच तिनं डब्यावरच्या पट्ट्याकडं बोट दाखवलं.

"हे कुंकू कुणी लावलं?"

"सुनंनं," हंबीरराव म्हणाले.

"तेजस्वी, तुझा अंगठा दाखव बघू." तेजस्वीनं बिचकत अंगठा पुढं केला. पट्टा त्याच्या दुप्पट रुंद होता. "मग हा कुणाचा?"

"आबांचा की!" धोंडुबाई म्हणाली. "पोरीनं नुसतं ताट धरलंतं. आबांनीच नारळ फोडला, पाणी कुंकवात कालवलं आणि हे असं थापलं! वरनं राहिल्यालं पाणीबी मशीनवर शिंपाडलं. मी हुतो की हितं."

"ते पाणी बटणात उतरून चिकाटलंय. तुमच्याच अंगठ्यानं बटण दाबून ठेवलंय, आबा."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. हंबीररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बरं, झालं ते झालं. पूस की आता."

पद्मजानं पिशवीतून जुना दातांचा ब्रश आणि स्पिरिटची बाटली काढली, आणि दोन्ही त्यांच्यापुढं धरलं.

"मला न्हाई जमायचं. कुंकवाला हात लावू नगंस, म्हणालता तुम्ही. ह्याच जागी. ह्यांच्यासमोर."

हंबीररावांनी रांगेकडं बघितलं. समोरच्या संस्थेकडं बघितलं, तिथला दिवा लागला होता. मग त्यांनी ब्रश घेतला.

टेबल ठेंगणं होतं, म्हणून त्यांना गुडघ्यावर बसावं लागलं. धोतर आवरत, धापा टाकत ते बटण घासायला लागले. "कडंनं," पद्मजा म्हणाली. "अजून आत. दाबून बघा. अजून चिकाटतंय." बटण टक् करून मोकळं झालं, तरी ती म्हणाली, "अजून एकदा." ते घासणं गरजेचं नव्हतं. ते तिच्या हिशेबातलं होतं.

ती सगळं बघत होती: त्यांची लालभडक झालेली बोटं, मानेवरचा घाम, टोपी सावरायला मोकळा नसलेला हात. तीन वर्षं मनात आणलेल्या कुठल्याच प्रसंगात टोपीचं तिला सुचलं नव्हतं.

स्पिरिट उडून गेल्यावर तिनं मशीन चालू केलं. ठिपके फिरले, फिरत राहिले, आणि डोंगर आला. धोंडुबाईनं किटली काट्यावर आदळली. "आता लाव माझी फॅट!"

पहिली पावती निघाली तशी हंबीररावांनी तेजस्वीला खूण केली. तिनं आतून ताट आणलं. हळद, कुंकू, फुलं. ते त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं आणि सगळ्यांच्या देखत पद्मजापुढं धरलं.

"घे," ते खाली बघत म्हणाले. "तुझ्या हातानं लाव. चुकलंच माझं."

हेच तिला हवं होतं, हे तिलाही कळत होतं. तिनं ताटाकडं पाहिलं, मग शांतपणे ब्रश पुसून पिशवीत टाकला.

"औंदा र्‍हाऊ द्या, आबा," ती म्हणाली.

जाताना तिनं तेजस्वीच्या पाठीवर हात ठेवला. स्कूटी चालू करून वळून बघितलं, तर रांग पुढं सरकत होती आणि हंबीरराव ताट धरून तसेच उभे होते. ते कुणाच्या हातात द्यावं, हे त्यांना कळत नव्हतं.

"पुढल्या खेपेला कोरडं लावा," ती ओरडून म्हणाली. "आणि डब्याच्या वरच्या पत्र्यावर!"

इतक्या मोठ्या आवाजात पद्मजा बोललेली गावानं त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली.