कोरी वाळू

मी पनवेलला माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे, आणि त्या कामात वाळूचं फार महत्त्व आहे. आम्लाने धुतलेली, पिकाच्या उपयोगाचं काहीही न उरलेली वाळू. शेतकऱ्यांच्या मातीबरोबर तीही वाळवायची, कुटायची, चाळायची, यंत्राला लावायची. तिला आम्ही कोरा नमुना म्हणतो. तिच्यात काही सापडलंच, तर ती भेसळ आमच्या भांड्यांतून किंवा हातांतून आलेली. माझी मावशी यावरून मला छळायची. ज्यात काय नाय ते तपासायचा पगार घेतेस, म्हणायची.

मावशीचं शिरढोणच्या अलीकडे भाताचं शेत होतं. काका गेल्यावर ती एकटीच ते कसत होती. पुढे पानांवर गंजासारखे ठिपके यायला लागले, रोपं खुरटली. शेत सामाईक, त्यामुळे तिच्या दिराच्या तोंडाला कुलूप नव्हतं. हिला शेती जमत नाही, जमीन कंटेनर यार्डला द्या, असं तो गावभर सांगत सुटला. मला ती लक्षणं जस्त कमी पडल्याची वाटत होती. मी नमुना मागवला. मावशीने पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

"बाय, माती खोटी का मी खोटी, तेवढं सांग."

यंत्राने तिच्या मातीत जस्त भरपूर दाखवलं. म्हणजे दोष मातीचा नव्हता, आणि दीर म्हणत होता तेच खरं ठरणार होतं. हिला आता काय सांगू, या विचारात असतानाच कोऱ्या वाळूचा आकडा आला, तर तिच्यातही जस्त भरपूर. शोधता शोधता कळलं, की साहेबांनी हौसेने आणलेले वाळवणीचे नवे ट्रे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे होते. किती चकचकीत आहेत बघा, म्हणून साहेबांनी ते सगळ्यांना दाखवले होते. मला भयंकर संताप आला. मावशीची सगळी माती त्याच ट्रेमध्ये वाळली होती. ती खेप बाद झाली. ट्रे बदलले, वाळू पुन्हा कोरी आली, आणि मी मावशीला फोन करून दुसरा नमुना मागितला.

तोवर शेतात भरावाचे डंपर येऊन गेले होते. रोजच्या भांडणाला कंटाळून ती जमीन यार्डला द्यायला हो म्हणाली होती. आता तिच्या मातीवर पुरुषभर उंच मुरूम होता. फोनवर तीच मला धीर द्यायला लागली. डंपर यायच्या आधीच तिने थोडी माती काढून घरी ठेवली होती. मला एवढा आनंद झाला की मी तिला लगेच यायला सांगितलं.

ती रिक्षाने आली. मांडीवर बादली, वर ओलं फडकं. माती मरू नये म्हणून ती त्यात रोज पाणी घालत होती, हाताने कालवत होती. माती लोण्यासारखी मऊ झाली होती. मी बादलीची कड बोटाने पुसली. आतला मुलामा पांढरा पडून सुटत होता.

"मावशी, ही बादली जस्ती आहे."

"जस्तीच हाय. तुज्या काकांनी घेतलेली. प्लास्टिकच्यान कशाला ठेवू?"

दुसरीकडे कुठे थोडी माती उरली आहे का, विचारलं. नव्हती. मग मी तिला सगळं समजावून सांगितलं. जस्ती म्हणजे जस्त, आणि रोज कालवल्यामुळे ते मातीत कसं उतरलं, तेही. ती ऐकत होती आणि हाताला लागलेली माती बादलीच्या काठावर निपटत होती.

"मंग मीच खोटी?"

"नाही गं. तू नाहीस."

"ह्या मशीननी सांगितलं का तू सांगतेस?"

खोटं बोलावंसं फार वाटलं.

"मी सांगते," मी म्हणाले.

तिने फडकं परत नीट झाकलं आणि बादली उचलली. मी दुसऱ्या बाजूने कडी धरली, आणि आम्ही दोघी रिक्षापर्यंत गेलो.